सवलतीचा शेवटचा टप्पा

नोव्हेंबर २०१७ मध्ये झोमॅटोने भारतात ‘गोल्ड’ सभासदत्व सुरू केलं. वर्गणी भरली की योजनेतल्या हॉटेलांत एका पदार्थावर दुसरा मोफत, किंवा दोन पेयांवर दोन मोफत. हॉटेलमालकांपुढे मांडलेला हिशोब पटण्यासारखा होता. सोमवार-मंगळवारी रिकामी राहणारी टेबलं भरतील, नवं गिऱ्हाईक येईल, चव पटली की पुढच्या वेळी ते आपणहून येईल. पावणेदोन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, गुरुग्रामच्या हॉटेलमालकांनी ‘लॉगआउट’ आंदोलन पुकारलं. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना पुढे झाली आणि मुंबई, पुणे, गोव्यापर्यंत हॉटेलं या आणि अशाच इतर सवलत-योजनांमधून बाहेर पडू लागली. गिऱ्हाइकाला सवलतीची चटक लागली आहे, ही त्यांची तक्रार होती. लोक परत येत होते, पण ते योजनेकडे परत येत होते. आज या हॉटेलात, उद्या शेजारच्या, परवा तिसऱ्या. फायदा सगळीकडे सारखाच. पुढे या योजनेचं नाव २०२० मध्ये ‘प्रो’ झालं, ती २०२२ मध्ये बंद झाली, आणि २०२३ मध्ये ‘गोल्ड’ परतलं तेव्हा मुख्य भर घरपोच सेवेच्या शुल्कमाफीवर होता.

त्या वादानंतर हॉटेलवाल्यांना आणि अ‍ॅपवाल्यांना जो उपाय सुचवला जातो तो टप्प्याटप्प्याच्या सवलतीचा. एकदम सरसकट सूट देऊ नका; पहिल्या ऑर्डरवर एक व्हाउचर द्या, त्या ऑर्डरबरोबर दुसऱ्या भेटीचं, दुसरीबरोबर तिसरीचं. म्हणजे गिऱ्हाईक सवलत घेऊन पसार होण्याऐवजी पुन्हा पुन्हा त्याच दारात येईल आणि येता येता त्याला सवय लागेल. हा सल्ला कितपत खरा आहे हे तपासायला जवळजवळ नव्वद वर्षांचं संशोधन आणि गेल्या दशकातला व्यवहार हाताशी आहे. ते सगळं एकत्र ठेवून पाहिलं तर माझं मत असं बनतं: टप्प्यांची सवलत गिऱ्हाईक परत आणू शकते, पण ती कुठे संपणार हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असेल, गिऱ्हाइकाला ते दिसत असेल आणि ती संपवण्याचा अधिकार हॉटेलच्या हातात असेल, तरच. आपल्याकडच्या योजना पहिल्या दोन टप्प्यांची आखणी मन लावून करतात. शेवटच्या टप्प्याचं काय, हा प्रश्न बहुतेकदा कुणी विचारतच नाही.

टप्प्यांच्या योजना दोन जातींच्या असतात आणि त्यांची गल्लत केल्यामुळे बराच घोळ होतो. पहिली चढती. ऑर्डरी साठत जातात आणि शेवटी मोठं बक्षीस मिळतं. डॉमिनोजने २०२२ मध्ये भारतात आणलेली योजना या जातीची: ठरावीक रकमेपुढच्या सहा ऑर्डरी झाल्या की एक पिझ्झा मोफत. दुसरी उतरती. पहिल्या ऑर्डरला सर्वांत मोठी सूट, मग कमी, मग आणखी कमी. चढत्या योजनेत गिऱ्हाईक आधी पूर्ण दर देतं आणि मग कमावतं. उतरत्या योजनेत आधी मिळतं आणि मग हळूहळू पूर्ण दराकडे जायचं असतं. पहिली ओळखीच्या माणसाला जवळ ठेवायला उपयोगी, दुसरी अनोळखी माणसाला आत आणायला. हॉटेलचं नावही न ऐकलेल्या माणसाला ‘सहा वेळा या, सातव्यांदा मोफत खा’ असं सांगण्यात अर्थ नाही, आणि दर शनिवारी येणाऱ्या कुटुंबाला पन्नास टक्के सूट पाठवणं म्हणजे मिळत असलेले पैसे गल्ल्यातून काढून परत देणं.

चढत्या योजनेमागचं तत्त्व जुनं आहे. ध्येय जवळ आलं की प्राणी वेग वाढवतो, असं मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३२ मध्ये उंदरांच्या अभ्यासातून मांडलं. २००६ मध्ये रान किवेत्झ, ओलेग उर्मिन्स्की आणि युहुआंग झेंग यांनी तेच एका कॉफीच्या दुकानातल्या कार्डांवर पाहिलं. दहा कप घ्या, एक मोफत, अशी ती कार्डं होती. पहिल्या शिक्क्यापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत जाताना दोन खरेद्यांमधलं अंतर सुमारे वीस टक्क्यांनी कमी झालं. त्याच वर्षी जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ यांनी गाड्या धुण्याच्या केंद्रावर तीनशे कार्डं वाटली. अर्ध्या कार्डांवर आठ रिकामे चौकोन होते. उरलेल्या अर्ध्यांवर दहा, पण त्यातल्या दोनांवर आधीच शिक्का. दोघांनाही आठच फेऱ्या मारायच्या होत्या, तरी पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं आणि दुसऱ्या गटातल्या ३४ टक्क्यांनी. आपण निघालो आहोत, थोडं अंतर कापलंही आहे, ही जाणीव माणसाला पुढे नेते. आजच्या अ‍ॅपमध्ये ऑर्डरीगणिक भरत जाणारी हिरवी पट्टी दिसते तिचं मूळ इथे आहे. मात्र किवेत्झ आणि सहकाऱ्यांचा आणखी एक निष्कर्ष सांगताना गाळला जातो: बक्षीस मिळाल्यावर वेग पुन्हा मंदावतो. कार्ड लोकांना घाईने आणतं, पण ते भरल्यावर माणूस नव्या कार्डाच्या पहिल्या चौकोनावर, म्हणजे मूळच्या चालीवर येतो. या घाईलाच सवय मानणं हा त्या प्रयोगाचा चुकीचा अर्थ झाला.

उतरत्या योजनेविषयीचा पुरावा जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. सर्वांत उपयोगी अभ्यास एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांचा, २००४ चा. टपालाने माल विकणाऱ्या एका कंपनीच्या कॅटलॉगमधल्या किमती प्रत्यक्ष बदलून त्यांनी तीन प्रयोग केले आणि पुढची खरेदी तपासली. मोठी सूट मिळालेल्या नव्या गिऱ्हाइकांनी नंतर जास्त खरेदी केली; जुन्यांनी मात्र कमी केली. सूट एकच, पण तिने नव्याला दार उघडून दिलं आणि जुन्याला थांबायला शिकवलं. माल टिकाऊ वस्तूंचा होता, तेव्हा हॉटेलच्या ताटाला हे जसंच्या तसं लावता येणार नाही, तरी दिशा स्पष्ट आहे. याच्या उलट बाजूला अँड्र्यू एहरेनबर्ग, कॅथी हॅमंड आणि जेराल्ड गुडहार्ट यांचा १९९४ चा अभ्यास उभा आहे. अनेक देशांतल्या किराणा मालाच्या प्रस्थापित ब्रँडांवर सूट लागली तेव्हा विक्री उसळली, सूट संपल्यावर ती जुन्या पातळीला आली, आणि सूट घेणाऱ्यांत बहुतेक सगळे तो ब्रँड आधी घेतलेलेच निघाले. म्हणजे जिथे गिऱ्हाइकाची ओळख आधीच झालेली असते तिथे सवलतीचा मागे काही ठसा उरत नाही.

हॉटेलांच्या सर्वांत जवळ जाणारा पुरावा मोठ्या सवलतीची कूपनं विकणाऱ्या ग्रुपॉन या संकेतस्थळाच्या काळातला. राइस विद्यापीठाचे उत्पल धोलकिया यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या दीडशे व्यवसायांची पाहणी केली, तेव्हा सेवा देणाऱ्या व्यवसायांत हॉटेलांची गत सर्वांत वाईट निघाली. २०११ मध्ये त्यांनी ३२४ व्यवसाय तपासले. कूपन घेऊन आलेल्यांपैकी जवळपास ८० टक्के नवे होते. ही बातमी चांगली. पण त्यांतल्या सुमारे ३६ टक्क्यांनीच कूपनच्या रकमेपलीकडे खर्च केला, आणि पूर्ण दराने पुन्हा आलेले सुमारे २० टक्के. म्हणजे दर पाच पाहुण्यांमागे एक. हा आकडा कमी म्हणायचा की पुरेसा, हे एका पाहुण्याला आत आणायला किती खर्च आला यावर ठरतं. ग्रुपॉनच्या कूपनला दुसरा टप्पा नव्हता, हेही इथे ध्यानात घ्यायला हवं. अर्धी किंमत आणि पूर्ण किंमत यांच्यामध्ये काहीच नव्हतं. पहिल्या भेटीत शंभर रुपयांचं ताट पन्नासला खाल्लेल्या माणसाला दुसऱ्या भेटीत ते दुप्पट महाग वाटलं तर नवल नाही. मनात बसलेल्या किमतीशी माणूस तुलना करतो, आणि ती ओलांडली गेली की होणारा त्रास तेवढ्याच रकमेच्या आनंदापेक्षा मोठा असतो, हे डॅनियल कानेमन आणि आमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ पासून दाखवून दिलं आहे. उतरत्या टप्प्यांचं खरं काम हेच: ती मनातली किंमत हळूहळू वर नेणं.

आता हिशोब. समजा, चारशे रुपयांची एक ऑर्डर आहे. कच्चा माल ३५ टक्के, म्हणजे १४० रुपये. पॅकिंग १५. अ‍ॅपचं कमिशन २० टक्के धरलं तर ८०, आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे सव्वाचौदा-साडेचौदा रुपये. पाच टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलला हा कर वळता करून घेता येत नाही, त्यामुळे तोही खर्चच. उरले सुमारे १५१ रुपये. भाडं, पगार, गॅस, वीज हे सगळं यातून. आता हॉटेलच्या पदरची शंभर रुपये सूट दिली, आणि कमिशन सूट वजा जाता उरलेल्या तीनशेवरच धरलं, तरी हाती राहतात सुमारे ७४. बिलावर पंचवीस टक्के सूट दिसते, पण हॉटेलच्या हातात पडणारी रक्कम निम्म्याने घटते. अशा सवलतीच्या चार ऑर्डरी केलेलं एक गिऱ्हाईक २९६ रुपये देतं. त्याऐवजी पहिल्या ऑर्डरला शंभर, दुसरीला साठ, तिसरीबरोबर एक सोलकढी मोफत आणि चौथीला काही नाही, असे टप्पे ठेवले तर? साठ रुपये सूट दिलेल्या ऑर्डरीतून १०५ उरतात. यादीत साठ रुपयांना असलेल्या सोलकढीला कपासकट वीसेक रुपये खर्च येतो असं धरलं तर तिसरीतून १३१, चौथीतून १५१. एकूण ४६१. शंभर गिऱ्हाइकांपैकी तेहतीस जण पहिल्याच ऑर्डरनंतर निघून गेले आणि सरसकट सवलतीत मात्र एकही गेला नाही असं मानलं, तरी टप्प्यांच्या योजनेत ३३ हजारांच्या वर राहतात आणि सरसकट योजनेत २९,६००. हे आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येक स्वयंपाकघराचे वेगळे येतील. पण सूट कमी केली की गिऱ्हाईक जाईल, या भीतीपोटी किती पैसे ओतले जातात ते या मांडणीतून दिसतं.

सोलकढीचा मुद्दा थोडा ताणून सांगण्यासारखा आहे. रुपयांत दिलेली सूट हॉटेलला बहुतांशी पदरचीच पडते. पदार्थात दिलेली निम्म्याहून कमी पैशांत पडते, आणि तिने मुख्य ताटाची किंमत गिऱ्हाइकाच्या मनात जिथल्या तिथे राहते. बिर्याणी अडीचशेचीच राहते, फिरनी तेवढी वरून आली. शिवाय, जो पदार्थ माणसाने कधी मागवला नसता तो चाखला जातो, आणि पुढच्या वेळी मागवण्याजोगी एक जास्तीची गोष्ट तयार होते. म्हणून पहिला टप्पा पैशांत आणि पुढचे पदार्थांत, हा क्रम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मुदतीचंही तसंच. दुसऱ्या व्हाउचरची मुदत गिऱ्हाइकाच्या नैसर्गिक फेरीपेक्षा थोडी कमी हवी. ऑफिसजवळच्या पोळी-भाजीच्या हॉटेलला आठवडा पुरे. शनिवार-रविवारच्या कौटुंबिक हॉटेलला तीन आठवडे द्यावे लागतील. वर्षभराची मुदत दिली तर माणूस कधीतरी आला असता तेव्हाच येतो आणि सवलत वाया जाते. आणि तिसऱ्या टप्प्याच्या व्हाउचरवर स्वच्छ लिहिलेलं असावं की ही या मालिकेतली शेवटची भेट. धोलकियांच्या पाहणीत कर्मचाऱ्यांचं समाधान आणि योजनेचा नफा यांचा संबंध दिसला होता, हे इथे जोडून घ्यायला हवं. व्हाउचर दाखवणाऱ्या टेबलाकडे कॅप्टनने नाराजीने पाहिलं तर पुढचे सगळे टप्पे कागदावरच राहतात.

इथपर्यंतचं सगळं हॉटेलच्या हाती सूत्रं आहेत असं धरून झालं, आणि खरी अडचण तिथेच आहे. जी ऑर्डर मोठ्या अ‍ॅपवरून येते तिचं गिऱ्हाईक कोण, हे हॉटेलला सहसा पुरतं कळत नाही. गिऱ्हाइकाची माहिती हॉटेलपर्यंत पोचत नाही ही हॉटेल-संघटनेची जुनी तक्रार आहे. संघटनेच्याच तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगी यांच्या व्यवहारांच्या चौकशीचा आदेश दिला. अ‍ॅपचा रस समजण्यासारखा आहे: त्याला माणूस अ‍ॅपवर परत यायला हवा, मग तो कोणत्या का स्वयंपाकघरातून मागवेना. त्यामुळे तुमच्या हॉटेलच्या तिसऱ्या टप्प्यावर सूट संपते त्याच क्षणी त्याच पडद्यावर शेजारच्या हॉटेलचा पहिला टप्पा चमकतो. उतरती शिडी तुम्ही बांधलीत, पण गिऱ्हाईक दर पायरीवर दुसऱ्या शिडीच्या माथ्यावर जाऊ शकतं. डॉमिनोजची योजना चालण्यामागे पिझ्झाइतकंच हेही कारण आहे की तिचं अ‍ॅप स्वतःचं, पोचवणारी माणसं स्वतःची आणि ऑर्डरींचा इतिहास स्वतःपाशी. लहान हॉटेलला हे परवडत नाही, पण काउंटरवर आणि पार्सलच्या पिशवीत ठेवलेल्या चिठ्ठीतून थेट नंबर गोळा करणं परवडतं. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याचं व्हाउचर अशा थेट ऑर्डरीलाच लागू करता येतं. अर्थात आपला अ‍ॅपशी असलेला करार काय म्हणतो ते आधी वाचून. कमिशन वाचल्यामुळे त्याच पैशात सोलकढीच्या जागी आख्खी थाळीसुद्धा देता येईल. नंबर घेताना संमती घ्यावी लागेल आणि ती कशासाठी हे सांगावं लागेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख तोच आहे.

या सगळ्यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो जुन्या, नावाजलेल्या हॉटेलवाल्यांकडून: चव असेल तर व्हाउचर लागत नाही. ज्यांच्या दाराबाहेर रविवारी रांग लागते त्यांच्यापुरतं हे खरं आहे, आणि त्यांनी या भानगडीत पडूच नये. पण वाकड किंवा खारघरमध्ये आज सुरू झालेल्या स्वयंपाकघराची चव कुणाच्या जिभेपर्यंत पोचायची असेल तर आधी पडद्यावरच्या शेकडो नावांतून ते कुणीतरी निवडायला हवं. पहिली सूट त्या निवडीची किंमत आहे. चव वाईट असेल तर मात्र टप्पे असोत वा नसोत, दुसरं व्हाउचर पडून राहील. आणि हा टप्प्यांचा एक फायदाच आहे, कारण मोठ्या सरसकट सवलतीत ही वाईट बातमी महिनोन्‌महिने झाकली जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चीनच्या लकिन कॉफीने २०१७ पासून पहिला कप मोफत आणि मागोमाग कूपनांचा पाऊस या जोरावरच देशभर जम बसवला. २०१९ ची सुमारे २.२ अब्ज युआनची विक्री बनावट निघाली, २०२० मध्ये नॅस्डॅकवरून नाव कमी झालं, तरी ती कंपनी सावरली आणि २०२३ मध्ये चीनमधल्या विक्रीत स्टारबक्सच्या पुढे गेली. म्हणजे सवलत कधीच न संपवताही सवय लावता येते की! येते, पण लकिनचं दुकान कसं असतं ते पाहायला हवं. लहान जागा, बहुतेकदा बसण्यापेक्षा घेऊन जाण्यासाठी, ऑर्डर आणि पैसे फोनवरून. जून २०२३ मध्ये तिने ९.९ युआनला कप विकायला काढला तो अशा खर्चाच्या मांडणीवर. तिथे कूपनची किंमत हीच खरी किंमत आहे आणि यादीतली किंमत नावापुरती. जे हॉटेल त्या खर्चात चालू शकतं त्याने सरळ दर कमी करावेत. ज्याला भाड्याच्या मोठ्या जागेत, वाढप्यांसह, चार चुलींवर जेवण करायचं आहे त्याला तो मार्ग खुला नाही. अ‍ॅपवरच्या यादीत आधी दर चढवून मग मोठी सूट दाखवण्याची जी पद्धत पडली आहे, तीही याच गोंधळातून आलेली आहे. आणि तिने काउंटरवर खाणाऱ्या नेहमीच्या माणसाचा विश्वास पोखरला जातो.

न्यायाचा प्रश्न मला सर्वांत टोचतो. नव्याला शंभर रुपये आणि दहा वर्षं येणाऱ्याला काही नाही, हे जुन्या गिऱ्हाइकाला कळल्यावाचून राहत नाही. अँडरसन-सिमेस्टर यांचा निष्कर्ष सांगतो की त्याला सूट देणं हा उपाय नव्हे. त्याला मान हवा: नव्या पदार्थाची पहिली चव, सणाच्या दिवशी राखून ठेवलेलं टेबल, दिवाळीत फराळाची आगाऊ नोंदणी. चढती योजना ठेवायचीच तर त्याच्यासाठी ठेवावी, आणि बक्षिसानंतरची मंदी हिशोबात धरावी. गिऱ्हाइकाच्या मनाशी खेळण्याबद्दलही कायदा आता गप्प नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा फसव्या पद्धतींची यादी असलेली मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात खोटी घाई दाखवणं आहे आणि शुल्क शेवटच्या क्षणी उघड करणंही आहे. दर मंगळवारी पुन्हा सुरू होणारी ‘शेवटचे दोन तास’ची पाटी त्यात मोडू शकते. टप्पे खरे असतील आणि शेवट खरा असेल, तर या यादीची भीती बाळगण्याचं कारण उरत नाही.

राहिलं मोजमाप. व्हाउचर वापरून किती जण परत आले ही संख्या बहुतेक योजनांचं यश म्हणून सांगितली जाते, पण व्हाउचर नसतानाही आले असते असे लोक त्यात मिसळलेले असतात, आणि एहरेनबर्ग यांच्या अभ्यासाने दाखवलं तसे ते थोडे नसतात. ते वेगळे काढायला मोठी यंत्रणा लागत नाही. ज्यांच्या फोन नंबरचा शेवटचा आकडा ३ किंवा ७ आहे त्यांना पहिल्या ऑर्डरनंतर दुसरं-तिसरं व्हाउचर पाठवायचंच नाही, बाकीच्यांना पाठवायचं, आणि तीन महिन्यांनी दोन्ही गटांत पूर्ण दराने आलेल्यांचं प्रमाण वहीत शेजारी शेजारी मांडायचं. दोन्ही सारखं निघालं तर टप्पे बंद करावेत. फरक निघाला तर एका जादा गिऱ्हाइकामागे किती खर्च झाला ते कळेल, आणि तो खर्च त्या माणसाच्या तिसऱ्या-चौथ्या पूर्ण ऑर्डरीत भरून निघतो का, हेही कळेल. ज्या हॉटेलांचं गिऱ्हाईक रोज जेवणारं आहे, त्यांच्यापुढे मात्र या सगळ्यापेक्षा सोपा पर्याय पुण्यातल्या मेसवाल्यांनी कधीचा ठेवलेला आहे: महिन्याचे पैसे आगाऊ, ताटाचा दर थोडा कमी, हातात कूपनांचं पुस्तक. तिथे सूट एकदाच मिळते आणि परत येण्याची हमी गिऱ्हाईक स्वतः देऊन जातं. तेच पुस्तक फोनवर आणणारं, न वापरलेल्या कूपनांचे पैसे परत करणारं आणि हॉटेलला त्याच्या गिऱ्हाइकाचं नाव कळू देणारं साधं, स्वस्त अ‍ॅप लहान हॉटेलांना आज जास्त गरजेचं आहे.